पिवळ्या बाटलीतला उजेड

१

दिवे मालवले, टॉर्च लावली, टॉर्च विझवली, आणि काहीही दिसलं नाही.

संस्थेच्या बैठकीच्या खोलीत आम्ही सगळे अंधारात बसलो होतो. टेबलावर काचेच्या दोन हवाबंद डब्या होत्या आणि प्रत्येकीत प्लास्टिकची एक पातळ पट्टी. टॉर्च विझल्यावर डावीकडच्या पट्टीनं क्षणभर हिरवट उजळत राहायचं होतं आणि उजवीकडच्या पट्टीनं अंधारात राहायचं होतं. दोघीही अंधारात राहिल्या. पुन्हा टॉर्च, पुन्हा अंधार. तिसऱ्या खेपेला कोणीतरी फिसकन हसलं.

"सर, काहीतरी... बाटलीत..." टेबलापाशी उभी असलेली मुलगी पुटपुटली.

"मोठ्यानं बोल, बाळ," संशोधनप्रमुखांचा मऊ आवाज आला. "मागे ऐकू येत नाही."

तिला मोठ्यानं बोलता आलं नाही. दिवे लागले तेव्हा ती दोन्ही डब्या छातीशी धरून उभी होती आणि सगळे तिच्याकडे, खिसेकापू सापडल्यावर लोक बघतात, तसे बघत होते.

त्या मुलीला इथे सगळे काजवी म्हणतात, कारण तिचं कामच तसं आहे. काही पदार्थांवर प्रकाश टाकला की दिवा काढून घेतल्यावरही ते थोडा वेळ उजळत राहतात. पुस्तकात याला स्फुरदीप्ती म्हणतात. एरवी यासाठी महागडे धातू लागतात, नाहीतर कडाक्याची थंडी. इथले लोक धातूचा कणही नसलेले, निव्वळ सेंद्रिय पदार्थ घडवतात, जे साध्या खोलीत, साध्या हवामानात उजळतात. ऑक्सिजन लागला की मात्र हा उजेड मरतो, आणि त्यातच त्याचा उपयोग आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शिरेतून अन्न देतात, त्या पिशवीत हवा शिरली की अन्न नासतं. पिशवीच्या आत अशी पट्टी चिकटवायची आणि बाहेरून टॉर्च मारायची. उजळली तर पिशवी चांगली, नाही उजळली तर फेकून द्या.

पट्ट्या रुग्णालयांकडे रवाना व्हायच्या बेतात होत्या आणि काजवी म्हणाली, थांबा. तिचं म्हणणं असं की उजेड आपल्या पदार्थाचा नाहीच. पदार्थ ज्या जुन्या बाटलीतून घेतात, तिच्यात मूळ पदार्थाचा एक जुळा भाऊ चिमूटभर मिसळलेला आहे. ती घाण आहे, आणि उजळते ती घाणच. तिनं स्वतः बनवलेला चोख पदार्थ काही केल्या उजळत नव्हता. मग प्रत्येक बाटलीत घाण वेगळी, तर उजेडही वेगळा. घाण जास्त असली तर हवा शिरलेल्या पिशवीतही पट्टी उजळणार, आणि नर्स ती पिशवी बाळाला लावणार.

प्रमुखांचं सगळं नाव एका नियमावर उभं होतं: रेणू अमुक पद्धतीनं रचले की उजेड येतोच. त्यावर पुस्तक, त्यावर मानसन्मान. काजवीचं खरं असेल तर नियम खोटा. म्हणून तिनं सगळ्यांसमोर दाखवायचं ठरलं होतं, जुन्या बाटलीची पट्टी डावीकडे, चोख पदार्थाची उजवीकडे.

आणि तिला दाखवता आलं नव्हतं. दोन्ही पट्ट्या काळ्या, म्हणजे दोष पदार्थाचा नाही, हिच्या हाताचा, असंच सगळ्यांनी धरलं.

"म्हणजे एक पट्टी उजळलेली आणि एक काळी, असे हिनं आधी दाखवलेले फोटो बनावट," विश्वस्तांचे अध्यक्ष म्हणाले. समोरचा चहा निवायच्या आत सगळं ठरलं. परवाच्या बैठकीत तिला काढायचं आणि 'निकाल बनावट' असा शेरा मारायचा.

मी विश्वस्तांची चौकशी अधिकारी. आधी औषधांच्या कारखान्यांची तपासणी करायचे. तिथे भांडकुदळ म्हणून नकोशी झाले आणि इथे आले. माझ्या पाठीमागे मला जमदग्नीबाई म्हणतात, तोंडावर मॅडम.

"रीतसर चौकशी झाली असं दाखवायचं आहे," अध्यक्ष मला दाराशी गाठून म्हणाले. "तुमची फक्त सही लागेल."

तो 'फक्त' माझ्या डोक्यात गेला. सही नंतर बघू, असं मी म्हणाले आणि काजवीच्या मागे गेले.

२

ती तिच्या खोलीत बेसिनपाशी उभी राहून बीकर घासत होती. बीकर स्वच्छ होता, तरी घासत होती.

"फोटो बनावट आहेत?" मी विचारलं.

"नाहीत."

"मग पट्टी का नाही उजळली?"

"माहीत नाही, मॅडम. खरंच माहीत नाही. सरांच्या हातून वर्षानुवर्षं उजळते. माझ्या हातून परवा-परवापर्यंत उजळायची."

"बनवताना काही चुकलं?"

"पट्टी मी ओतली. पुडीला मात्र हात लावला नाही. सर म्हणाले, तुझ्याकडे कोणी बोट दाखवायला नको, पूड दुसऱ्यानं तोलू दे. मग स्फटिकदादांनी त्यांच्या खोलीत तोलली, विरघळवली आणि मला द्रावण आणून दिलं."

स्फटिक म्हणजे इथला सगळ्यात जुना संशोधक. त्याच्यासारखे स्वच्छ स्फटिक कोणी वाढवत नाही, म्हणून ते नाव. आणि तो प्रमुखांचा जावई.

"म्हणजे बाटली उघडलेली तू पाहिलीच नाहीस?"

"नाही."

"ती पूड एरवी कशी असते?"

"पिवळट. जुन्या वर्तमानपत्राच्या कडेसारखी. आणि डांबरगोळ्यांसारखा वास. डोळे मिटून ओळखीन, इतक्यांदा उघडलीय ती बाटली."

"त्या बाटलीला कोणाकोणाचा हात लागतो?"

"भांडारातल्या मावशी, स्फटिकदादा, सर आणि मी. बस."

"हे घाणीचं प्रकरण तू पहिल्यांदा कोणाला सांगितलंस?"

"सरांनाच, दार लावून. मोठ्या माणसाला चारचौघांत कसं तोंडघशी पाडायचं? ते शाब्बास म्हणाले. सगळ्यांसमोर दाखव म्हणाले." तिनं बीकर पालथा घातला. "मला काढलं तर काढा, मॅडम. पण खोटारडी असा शेरा घेऊन मी कुठल्या दारात उभी राहू? घरी आईला काय सांगू? आणि पट्ट्या तर जाणारच ना रुग्णालयात? मी खोटारडी ठरले की माझं ऐकून त्या थांबवणार कोण?"

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती पुन्हा तोच बीकर घासायला लागली. मला तिचाही राग आला. दार लावून सांगितलंस, बये, आणि तिथेच घात झाला. पण हा तिचा गुन्हा नव्हता, ही तिची रीत होती.

"बाटली आता कुठे आहे?"

"सरांच्या कपाटात," ती म्हणाली. "पुरावा म्हणून ठेवलीय."

३

भांडारातल्या मावशींचं आणि काजवीचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. मावशी वस्तू वेळेवर परत मागायच्या आणि काजवी विसरायची. काही खोडसाळपणा झाला असेल तर इथूनही झाला असेल, असा विचार करून मी तिथे गेले.

"ती पोरगी?" मावशींनी चष्मा डोक्यावर चढवला. "न्यायच्या वेळी गोड, आणायच्या वेळी गायब. मी चांगलं बोलणार नाही तिच्याबद्दल. पण खोटं बोलताना मी तिला कधी पकडलेलं नाही. बाटली हरवली तर हरवली म्हणते, सरळ तोंडावर."

"ती पिवळी बाटली तिच्याकडे शेवटची कधी होती?"

"प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात तिनं परत दिली. दुसऱ्या दिवशी सर स्वतः आले की हो न्यायला. सर कधी भांडारात फिरकले नव्हते. माझी ही धांदल. खुर्ची पुसू की त्यांच्याशी बोलू."

"देताना उघडून बघितलीत?"

"बघितल्याशिवाय मी माझ्या सख्ख्या भावालाही काही देत नाही. होती तेवढीच होती आणि होती तशीच होती. पिवळी."

"त्याच पदार्थाची नवी बाटली कोणाला दिली आहे?"

"नवी मागवायलाच देत नाहीत सर. जुनी संपल्याशिवाय नवी नाही, हा त्यांचा हट्ट. संपतेय कुठली? चिमटीचिमटीनं वापरतात. आता नवी पार कारखान्यातूनच येईल, पट्ट्या ढिगानं व्हायला लागल्या की."

मावशींवरचा माझा संशय तिथेच मावळला. भांडणारी माणसं मला ओळखू येतात. ती तोंडानं वार करतात, बाटलीनं नाही.

स्फटिकच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागल्या. आत कुठे धुळीचा कण नव्हता. भिंतीशी एक लांब काचेची नळी उभी होती आणि तिच्याभोवती तापलेलं कडं मुंगीच्या पावलानं खाली सरकत होतं. कडं असेल तिथली पूड वितळायची, पुढे गेलं की मागची गोठायची, आणि वितळलेल्या पट्ट्याबरोबर घाण खाली खाली ढकलली जायची, केरसुणीनं केर दाराकडे लोटावा तशी. हे यंत्र त्यानं स्वतः जोडलं होतं. दुसऱ्या कोणाला ते चालवताही येत नाही, असं काजवीनं सांगितलं होतं.

तो चहाचा कप धूत होता. धुतला, उजेडात धरून बघितला, पुन्हा धुतला, पुन्हा बघितला.

"पूड तुम्ही तोललीत?" मी विचारलं.

"हो."

"कुठल्या बाटलीतली?"

"सरांनी आणून दिली त्याच."

"दिसायला कशी होती?"

कप तिसऱ्यांदा नळाखाली गेला. "पूड होती," तो म्हणाला.

"मुलगी खोटी आहे असं तुम्हाला वाटतं?"

"मला काय वाटतं त्याला कोण विचारतं."

"मी विचारतेय. का सासरेबुवांना विचारून सांगणार?"

त्याचे कान लाल झाले. मला वाटलं आता भांडेल, आणि भांडला असता तर मला आवडलं असतं. त्यानं कप फडक्यावर पालथा ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाटली बघितलीत का, मॅडम? नाही ना? मग बघा. नीट बघा."

मी चपला घातल्या तेव्हा तो तोच कप पुन्हा उजेडात धरून उभा होता.

४

प्रमुखांनी माझं स्वागत उठून केलं. खुर्ची पुढे ओढून दिली, चहा मागवला. इतक्या अदबीनं वागणाऱ्या माणसासमोर माझा राग जरा वेडाविद्रा दिसतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी तो आवरून बसले.

"मुलगी हुशार आहे," ते म्हणाले. "पण घाई फार. माझी स्वतःची लेक असती तरी मी हेच म्हटलं असतं. मला तिचं वाईट वाटतं, मॅडम. मनापासून वाटतं."

मग त्यांनी पडदे ओढले आणि काचेच्या कपाटातल्या, हवाबंद डब्यांत ठेवलेल्या आपल्या पट्ट्यांवर टॉर्च फिरवली. टॉर्च विझली. एकामागून एक पट्टी हिरवी उजळत राहिली आणि सावकाश मंद होत गेली. दिसायला सुंदर होतं, खोटं कशाला बोलू.

"दहा वर्षांपूर्वीच्या आहेत या. त्याच बाटलीतल्या. अजून जिवंत. हात लागतो त्याला. सगळ्यांकडे नसतो."

"बाटलीत कोणी काही केलं असेल का?"

ते हसले. ज्या प्रश्नाची वाट पाहत बसलेलो असतो तो आला की माणूस हसतो तसे.

"ती हेच म्हणणार, मला ठाऊक होतं. म्हणून आधीच खबरदारी घेतली. प्रयोगाच्या आधी आठवडाभर बाटली या लाकडी कपाटात होती. किल्ली एकच आणि ती माझ्या खिशात. रात्री उशाखाली घेऊन झोपायचो म्हणा ना. चिटपाखरू फिरकलेलं नाही."

"बाटली कोणाच्याही हातात गेली नाही? जावयांच्याही?"

"प्रयोगाच्या दिवशी सकाळी तोलायला दिली तेवढीच. तासाभरात परत कपाटात."

"हे तुम्ही बैठकीत सांगाल?"

"अवश्य."

त्यांनी किल्ली काढून मोठ्या डौलानं कपाट उघडलं आणि बाटली माझ्या हातात दिली. पिवळसर-तपकिरी काचेची, मनगटाएवढी जाड, लेबलाचे कोपरे झिजलेले. बैठकीपर्यंत ती माझ्याकडे राहील, असं मी म्हणाले आणि निघाले.

जिन्याखाली बिनखिडकीची एक अडगळीची खोली होती. मी काजवीला तिथे बोलावलं आणि दार लावून दिवा लावला.

"बाटली तीच ना?"

"तीच. लेबलावरचा हा डाग माझ्या हातून पडलेला. सर किती बोलले होते तेव्हा."

मी झाकण उघडलं. आतली पूड पिठासारखी पांढरी होती. वास घेतला तर कसलाही वास नाही. काजवीनं वाकून बघितलं आणि दोन पावलं मागे सरली.

"ही ती पूड नाही," ती म्हणाली.

"पट्टीला हवाबंद डबी लागते. पुडीलाही लागते का?"

"नाही. घट्ट स्फटिकात हवा शिरत नाही. पिवळी पूड अशी उघड्यावरही थोडी उजळायची."

मी दिवा बंद केला. काजवीनं टॉर्च लावली, बाटलीवर धरली, विझवली. पूड मेल्यासारखी काळी. म्हणजे हवेचा दोष नाही आणि ओतणाऱ्या हाताचाही नाही.

"पुन्हा," मी म्हणाले. "या वेळी झाकणावर धर."

टॉर्च विझली. माझ्या तळहातावर, झाकणाच्या आतल्या आट्यांमध्ये, एक बारीक हिरवं कडं उजळलं. बांगडीपेक्षा बारीक. एक श्वास घेईपर्यंत राहिलं आणि गेलं. काजवीनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशीही तो दुखत होता.

५

"आता डोकं चालव," मी तिला जिन्याच्या पायरीवर बसवून म्हटलं. "बाटली तीच, झाकण तेच. आट्यांत जुनी पूड अडकलीय आणि ती उजळते. आतली उजळत नाही. मग आतली आली कुठून?"

"कोणी बदलली?"

"कशानं बदलणार? भांडारात नवी नाही. तू स्वतः बनवलेली किती आहे?"

"चमचाभरही नाही."

"इथे बाटलीभर आहे, थोडी कमी. मग ती बदललेली नाही. तीच पूड आहे, फक्त स्वच्छ केलेली. माणसं वयाबरोबर सुधारत नाहीत आणि पुडीही सुधारत नाहीत. दहा वर्षांची बाटली आतून नवी कोरी झाली, म्हणजे कोणीतरी बसून तिची घाण काढली. साध्या गाळण्यानं निघते ती?"

"छे. जुळा भाऊच तो, गाळणीतून दोघं बरोबर जातात. म्हणून तर इतकी वर्षं कोणाला दिसला नाही. त्याला वेगळं करायचं तर..." ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते बघवेना. "तर दादांची नळी लागेल."

"आणि दिवस?"

"अख्खी बाटली म्हणजे चार-पाच दिवस तरी."

भुरट्या चोरानं बाटली सिंकमध्ये उपडी केली असती आणि तिच्यात मीठ भरलं असतं. पुडीचा नाश करायचा म्हणून तिला आणखी चोख करणं, ही चूक फक्त या लोकांच्या हातून होऊ शकते. घाणेरडं काम त्यांना स्वच्छ हातांशिवाय करता येत नाही.

एक गोष्ट मात्र मला छळत होती. जो माणूस चहाचा कप तीन वेळा धुतो, त्यानं झाकण धुतलं नाही. विसरला? तो काहीही विसरेल, धुणं विसरणार नाही. मग त्यानं ते मुद्दाम तसंच ठेवलं. का ठेवलं हे मला पायरी उतरता उतरता कळलं आणि माझं डोकं असं फिरलं की त्याच्या दारात चपला काढायच्या राहून गेल्या.

त्यानं माझ्या चपलांकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या झाकणाकडे. काहीही न बोलता त्यानं खण उघडला आणि फडक्यात गुंडाळलेला नळीचा एक तुटका तुकडा टेबलावर ठेवला. त्याच्या टोकाला पिवळट-तपकिरी खडा घट्ट बसलेला होता. अख्ख्या बाटलीची घाण तेवढ्यात गोळा झाली होती.

"सर म्हणाले, बाटली एकदा स्वच्छ करून द्या, प्रयोग नीट व्हायला हवा," तो म्हणाला. "मी केली. रोज संध्याकाळी ते न्यायचे, रोज सकाळी आणून द्यायचे. कशासाठी ते नंतर कळलं."

"नंतर म्हणजे कधी?"

"टोक पिवळं झालं तेव्हा."

"म्हणजे प्रयोगाच्या आधी."

त्यानं फडक्याची घडी सारखी केली.

"आधी की नाही?"

"आधी."

"आणि तिला हसले तेव्हा तुम्ही त्याच खोलीत बसला होतात."

"मॅडम, ते सासरे आहेत. घरी बायको आहे, तिचा जीव आहे वडिलांवर. मी काय करणार होतो? मी झाकण धुतलं नाही. टोक फेकलं नाही. मला वाटलं, कोणीतरी बघेल."

प्रमुखांचा मला राग होता, पण तो समजण्यासारखा होता. हा माणूस खरं काय ते जाणत होता, ते पुराव्यासकट खणात ठेवून होता, आणि दुसरं कोणीतरी येऊन आपल्या वतीनं बोलेल म्हणून कप धूत बसला होता. असल्या भल्या माणसांनी जितकी घरं बसवली असतील, त्याहून जास्त बुडवली आहेत.

"झाकण तेवढं धुतलं नाहीत," मी म्हणाले. "हात मात्र धुऊन मोकळे झालात."

काजवी दारात उभी होती. ती कधी आली ते मला कळलं नव्हतं. ती ओरडेल असं वाटलं, पण ती हळूच म्हणाली, "दादा, मी तुमच्याकडे बघत होते त्या दिवशी."

"अंधार होता गं," तो म्हणाला.

"दिवे लागल्यावर."

तिनं नळीचा तुकडा उचलला, फडक्यासकट ओंजळीत धरला आणि निघून गेली.

६

बैठकीला तीच माणसं, तीच खोली आणि तोच चहा. अध्यक्षांनी शेऱ्याचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी तो उपडा घातला.

"आधी प्रमुखांनी मला सांगितलं ते सगळ्यांना सांगावं."

प्रमुख उठले. कपाट, एकच किल्ली, उशाखाली, चिटपाखरू. सगळं सांगितलं, छान सांगितलं. दोघातिघांनी माना डोलावल्या.

"म्हणजे त्या आठवड्यात बाटलीला तुमच्याखेरीज कोणाचा हात लागला नाही," मी म्हणाले. "भांडारातून नेली तेव्हा पूड पिवळी होती, मावशींनी उघडून दिली. तुमच्या कपाटातून मला मिळाली तेव्हा ती अशी होती." मी बाटलीतली पूड बशीत ओतली. पांढरीशुभ्र. "दहा वर्षं तुम्ही हीच बाटली वापरताय. त्या दिवशी किंवा आजही तुम्ही म्हणाला नाहीत, अहो, ही पांढरी कशी झाली?"

खोलीत कोणी कप उचलला नाही. प्रमुखांचं हसू तसंच राहिलं, पण आता त्याला काही आधार नव्हता.

"आमच्या जावयांना स्वच्छतेचं वेड आहे," ते म्हणाले. "त्यांनीच मला न विचारता..."

"न विचारता? मग किल्ली?"

मागच्या भिंतीशी स्फटिक उभा राहिला. मला त्याची अजिबात दया आली नाही. "तुम्ही सांगितलंत, म्हणून केली," तो म्हणाला. "रोज सकाळी तुम्ही आणून द्यायचात." एवढंच बोलून तो खाली बसला. पहिल्याच दिवशी त्यानं एवढं बोलायला हवं होतं.

मग काजवी पुढे आली. तिनं स्वतः बनवलेला चोख पदार्थ सगळ्यांसमोर विरघळवला आणि दोन पट्ट्या ओतल्या. उजवी नुसती. डावीत सुईच्या टोकावर मावेल एवढा त्या तपकिरी खड्याचा कण. पट्ट्या सुकल्या. डब्या बंद झाल्या, त्यांतली हवा काढली गेली आणि दिवे मालवले.

टॉर्च लागली, विझली. उजवी काळी. डावी उजळत राहिली. प्रमुखांच्या कपाटातल्या कुठल्याही पट्टीपेक्षा जास्त वेळ राहिली, इतका वेळ की त्या उजेडात मला समोरच्यांचे चेहरे दिसले. या वेळी कोणी हसलं नाही.

अंधारातच प्रमुख म्हणाले, "दहा वर्षं मला वाटत होतं, तो उजेड माझा आहे."

खोटं नव्हतं ते. मला क्षणभर वाईट वाटलं. मग बीकर घासणारी मुलगी आठवली आणि ते वाईट वाटणं मी परत पाठवलं. चुकला असता तर माणूस चुकतो म्हटलं असतं. यानं आपली चूक झाकायला एका पोरीचं नाव वापरलं, आणि वर शाब्बास म्हणाला.

दिवे लागले. अध्यक्षांनी घसा साफ केला. "झालं गेलं गंगेला मिळालं. संस्थेच्या अब्रूचा प्रश्न आहे. अहवालात आपण तांत्रिक गैरसमज असं लिहू. मुलीचं काम चालू राहील. तुमची सही..."

"फक्त सही?" मी विचारलं.

मी खूप बोलले. काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचं सार असं की हिला खोटारडी ठरवताना तुमचा चहा निवला नव्हता, आणि आता खरं निघालं तर अब्रू आठवली? जिथे बोललात तिथेच आणि ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोरच ते मागे घ्या. नाहीतर झाकण, बाटली आणि नळीचं टोक घेऊन मी त्या रुग्णालयांच्या दारात जाऊन बसते. तिथे बाळांच्या आया असतात. त्या माझ्यासारख्या रागीट नसतील, पण माझ्याहून मोठ्यानं बोलतील.

अध्यक्षांनी जमवून घेण्याचा आणखी एक प्रयत्न केला, मग सोडून दिला. कागद तिथेच लिहिला गेला. फोटो खरे होते. बाटली प्रमुखांच्या सांगण्यावरून साफ केली गेली. चोख पदार्थ उजळत नाही, उजळते ती त्यातली भेसळ, आणि तिचं माप ठरेपर्यंत एकही पट्टी बाहेर जाणार नाही. शोध काजवीचा. प्रमुख पदावरून दूर होत आहेत. वाचायचं कोणी, असं अध्यक्षांनी विचारलं. मी प्रमुखांकडे बोट केलं.

काजवी मघाशीच शेवटच्या रांगेत जाऊन बसली होती. डबी तिच्या मांडीवर होती.

प्रमुखांनी चष्मा लावला, कागद हातात घेतला आणि वाचायला सुरुवात केली. इतका मऊ आवाज की पहिल्या रांगेतली माणसंही पुढे झुकली.

"सर," मागून काजवी म्हणाली, "मोठ्यानं वाचा. मागे ऐकू येत नाही."

त्यांनी मान वर केली. कोणीही त्यांच्या मदतीला आलं नाही. मग त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.